पहिल्या नातीचं नाव

पेत्रोव्रीसी,
ता. ४ ऑक्टोबर १९९९

सौ. दोम्ना विहीणबाई यांस,
असिमोचा सप्रेम नमस्कार वि. वि.

बसवाल्या वांगेलिसच्या हाती हे पत्र आणि एक पिशवी पाठवते आहे. पिशवीत यंदाचा त्राहाना आहे, बकरीच्या आंबट दुधात गहू शिजवून माझ्या गच्चीवर वाळवलेला. मारियान्थीला रोज सकाळी वाटीभर करून द्या, अंगावरचं दूध वाढतं. तुम्ही बाळंतिणीला काय खायला घालता ते मला माहीत नाही. मला कुणी सांगत नाही.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुम्हाला माझं एक अक्षर ऐकू आलं नाही आणि तुमचा आवाज मात्र माझ्या फोनमधून शेजारणीच्या ओट्यापर्यंत गेला. आपल्या नातीला जुलाब होतात की नाही हे सगळ्या गावाला कळायची गरज नाही. तेव्हा लिहिलेलं बरं.

नात पाहून आले, मन भरलं नाही. दोन दिवस तुमच्याकडे होते, त्यात ती माझ्या मांडीवर किती वेळ होती ते तुम्हीच आठवा. कान म्हणे तुमच्या आजीचे, हनुवटी व्याही प्रोद्रोमोसची, बोटं तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या भावाची. माझ्या स्ताथिसचं त्या पोरीत काही आहे की नाही, असं तिथे विचारावंसं वाटलं. तेव्हा विचारलं नाही. आता विचारते.

आमच्याकडचं सांगण्यासारखं फारसं नाही. पूर्वी आमची ग्रामपंचायत होती, आमचा शिक्का होता. यंदापासून डोंगरावरची सगळी गावं खालच्या एका नगरपालिकेत घातली आणि नगरपालिकेला नाव दिलं तुमच्या गावाचं. कचऱ्याच्या गाडीवर नेआ मिर्सिना, बसवर नेआ मिर्सिना. परवा तर आमच्या झऱ्यावर निळी पाटी लावून गेले, त्यावरही नेआ मिर्सिना. आमचे आजे-पणजे ज्या झऱ्याचं पाणी प्यायले, तो आता तुमचा. डॉक्टर तुमच्याकडे, शाळा तुमच्याकडे, माझा मुलगासुद्धा तुमच्या माडीवर राहतो. अशा मुलाला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. घरजावई.

असो. एका गोष्टीचं मात्र आताच लिहून ठेवते, नंतर गैरसमज नको. आमच्यात पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव देतात. माझ्या सासूचं नाव मी माझ्या पोरीला दिलं होतं, ती दोन वर्षांची होऊन गेली, तरी नाव दिलं होतं. तेव्हा बाप्तिस्म्याला पोरीचं नाव असिमिना, घरात असिमो. हे मी मागत नाही. रीतीने ते माझंच आहे.

मारियान्थीला, आणि नाव ठेवेपर्यंत सगळे जिला बेबा म्हणतात त्या आपल्या नातीला आशीर्वाद. लोभ असू द्यावा आणि पिशवी परत पाठवावी, चांगली आहे.

आपली,
असिमो


नेआ मिर्सिना,
ता. १८ ऑक्टोबर १९९९

श्रीमती विहीणबाई यांस,
दोम्नाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पिशवी परत पाठवते. रिकामी पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून त्यात अंजिराच्या मुरांब्याची बरणी आहे. बरणीही चांगली आहे.

त्राहाना मारियान्थीला आवडला. माझाच तिला आवडतो असं मला वाटत होतं. तिने तुमचा दोन वाट्या खाल्ला आणि वर म्हणाली की आई, असा तुला का जमत नाही. तुम्ही आता खूश व्हा.

कानांचं म्हणाल तर ते खरंच माझ्या आजीचे आहेत, त्याला मी काय करू. पण रागावली की कपाळाला एक आठी पडते ती कुणाची, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही आरशात बघा.

नगरपालिकेचं खापर आमच्या डोक्यावर कशाला फोडता? पाट्या मी लावल्या नाहीत. आणि स्ताथिस घरजावई नाही, आमच्याकडे घर मुलीलाच जातं, जावई त्यात येतो आणि मान वर करून राहतो. प्रोद्रोमोससुद्धा माझ्या आईच्या घरात असेच आले, पन्नाशी उलटली तरी मान वरच आहे, नको तितकी वर.

आता नावाचं. आमचे लोक समुद्रापलीकडून हाकलले गेले तेव्हा हातात गाठोडं आणि डोक्यात नावं, एवढंच घेऊन आले. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, ही आमची रीत. माझ्या आजीचं नाव दोम्ना, आईचं मारियान्थी, मी दोम्ना, माझी मुलगी मारियान्थी. पेड टाकत टाकत वेणी घालावी तशी ही नावं आहेत. मधलाच पेड सोडला तर सगळी वेणी सुटते, आणि ती माझ्या हातून सुटली असं माझी माणसं म्हणतील. तुमचं नाव वाईट आहे असं नाही. चांदीवरून ठेवलेलं नाव, चांगलंच आहे. पण ती जागा रिकामी नाही.

दुसरी मुलगी झाली तर ती तुमची. मी शब्द देते.

बेबा आत्ता माझ्या मांडीवर झोपली आहे म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. लोभ आहे, तो कमी झाला तर कळवावे.

आपली,
दोम्ना


पेत्रोव्रीसी,
ता. २६ जानेवारी २०००

सौ. दोम्ना विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

मांडीवर झोपली आहे हे लिहायची काही गरज नव्हती.

बर्फामुळे बस बंद होती म्हणून पत्राला उशीर. ते एक कारण. दुसरं कारण असं की मी रागावले होते. दुसरी मुलगी झाली तर ती माझी! भाजी संपली, पुढच्या खेपेला तुम्हाला आधी वाढू, असं पाहुण्याला म्हणतात तसं. माझं वय तुम्हाला माहीत आहे.

परवा वाट मोकळी झाली तशी खाली आले होते. तुमच्याकडे यायच्या आधी पोलिक्सेनीच्या लोकरीच्या दुकानात गेले, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, तुमच्या गावात चिमणीसुद्धा न सांगता उडत नाही. लग्नात मुलांच्या डोक्यावरचे मुकुट तिने बदलले, तेव्हा पहिल्या मुलाची धर्ममाता तीच, आणि चर्चमध्ये नाव उच्चारणार तीच. मी तिच्यासाठी आमच्या अक्रोडांचा आणि मधाचा डबा नेला होता. सहज. दुकानात शिरते तो काय, गल्ल्याशेजारी तुमचं मोठं तांब्याचं ताट, त्यात रव्याची खीर भरलेल्या वड्या, पाकात न्हालेल्या. ताट मी ओळखलं, त्याच्या कडेला पोचा आहे. मी डबा त्याच्या शेजारी ठेवला. पोलिक्सेनी हसून मोकळी झाली. म्हणाली की तुम्ही दोघी मला अशाच चारत राहा, मी सगळं खाईन आणि पाण्याच्या कुंडापाशी जाईपर्यंत तोंड फक्त खायलाच उघडेन.

मग मी तुमच्याकडे आले आणि आपण दोघी ताटाबद्दल आणि डब्याबद्दल एक शब्द बोललो नाही. कॉफी चांगली होती.

पण तुमच्याकडे दोरीवर बाप्तिस्म्याचा टॉवेल वाळत होता, त्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने ‘द’ काढलेला मी पाहिला. इतकी घाई?

बेबा माझ्याकडे येताना रडली. पाच महिन्यांच्या पोरीला माणूस कळत नाही, वास कळतो. तिला तुमच्या स्वयंपाकघराचा वास ठाऊक आहे, माझ्या अंगाला बकऱ्यांचा येत असेल. बसमधून परत येताना मी हेच मनाशी धरून बसले होते. तुमच्या कानांना सगळं ऐकू येत नाही, ते एका परीने बरं आहे. ती माझ्याकडे रडते तेव्हा किती मोठ्याने रडते, हे तुम्हाला पुरतं कळत नसेल.

लोभ किती ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

असिमो


नेआ मिर्सिना,
ता. २ एप्रिल २०००

श्रीमती विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

भांडायला आज वेळ नाही, म्हणून सरळ लिहिते. काल मारियान्थी जेवता जेवता रडली. म्हणाली की मी नगरपालिकेत दिवसभर वरच्या गावांची आणि खालच्या गावांची भांडणं ऐकते, घरी येते तर इथेही तीच. स्ताथिस ताटावरून उठून अंगणात गेला. प्रोद्रोमोसनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मीठ जास्त घातलं.

तेव्हा आपण तह करू. पोलिक्सेनीकडे ना माझं ताट जाईल, ना तुमचा डबा. टॉवेलावरचं अक्षर मी उसवलं आहे. खरं सांगायचं तर अर्धंच उसवलं, मग डोळे दुखले.

बाप्तिस्मा ईस्टरनंतर, १४ मेच्या रविवारी, आमच्या चर्चमध्ये. तुमच्या चर्चचं छत गळतं असं स्ताथिसच म्हणाला, मी नाही. तुम्ही आदल्या दिवशीच या. मेंढरू मी भाजणार, चीजची भाकरी तुम्ही आणा. ती माझ्याकडून तुमच्यासारखी होत नाही, हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं लिहिते आहे.

आमच्याकडची एक रीत आधीच सांगते, नाहीतर पुन्हा म्हणाल मला कुणी सांगत नाही. बाप्तिस्म्याला बाळाची आई आत जात नाही. ती चर्चच्या अंगणात बाकावर बसते आणि तिची आई तिच्याजवळ. आत नाव उच्चारलं की गावची पोरं धावत बाहेर येतात आणि आईला नाव सांगतात. जे पोर पहिलं येईल त्याला नाणं, बाकीच्यांना साखरेच्या बदामगोळ्या. मारियान्थीचं नाव ऐकायला मी अशीच बसले होते, माझी आई माझा हात धरून होती. तुम्ही आत उभ्या राहा, आम्ही बाहेर असू.

लोभाची दोन्हीकडे परीक्षा आहे. नापास होऊ नये ही विनंती.

आपली,
दोम्ना


पेत्रोव्रीसी,
ता. १७ मे २०००

सौ. दोम्ना विहीणबाई यांस,
नमस्कार वि. वि.

परवा निघताना तुमची भेट झाली नाही. प्रोद्रोमोस म्हणाले की तुमचं डोकं दुखतंय, दार लावून पडल्या आहात. मी दाराबाहेर थोडा वेळ उभी होते. हाक मारली असती तरी तुम्हाला ऐकू आली नसती, असं स्वतःला सांगून बस पकडली.

आत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही, आणि बाहेर काय झालं ते मी पाहिलं. म्हणून लिहिते.

पोर उघडी, तेलाने चमकणारी, पोलिक्सेनीच्या हातावर. पाद्रीबाबांनी नाव विचारलं. तुमच्या गावची पोरं दाराशी घोळका करून उभी होती, एक पाय उंबऱ्याबाहेर. बाबांचा प्रश्न संपला आणि ती सुटली. उत्तर ऐकायला एकही थांबलं नाही. कशाला थांबतील? तुमच्या गावात पहिल्या मुलीचं नाव काय असणार, हे पोरांनासुद्धा पाठ. ती गेली आणि मग पोलिक्सेनीने तोंड उघडलं. असिमिना, म्हणाली. तीनदा म्हणाली.

कुणाकडे तरी बघावं असं वाटलं. आमचे हे असते तर त्यांच्याकडे पाहिलं असतं. कुणी नव्हतं, म्हणून मी दाराकडे आले. तुम्हाला हिणवायला नाही. का आले ते मलाही सांगता येणार नाही.

तुम्ही निळा झगा घातला होता. पोरं तुमच्या भोवती उड्या मारत होती, दोम्ना, दोम्ना म्हणून ओरडत होती, आणि तुम्ही पदरात धरल्यासारखी पर्स उघडी धरून सगळ्यांनाच नाणी वाटत होतात, पहिलं कोण ते न बघता. शेजारणींचे मुके घेत होतात. प्रोद्रोमोसची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातलीत. मी तुम्हाला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मारियान्थी तेवढी बाकावर बसून होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, ऊन लागलं.

मग बाबा बाहेर आले आणि तुम्हाला म्हणाले की असिमिना तुम्हाला लाभो. तुम्ही कान पुढे केलात. ते आणखी मोठ्याने म्हणाले. मग तुमच्या कानाशी वाकून ओरडले.

तुम्ही टोपी काढून प्रोद्रोमोसच्या डोक्यावर परत ठेवलीत, नीट, सरळ करून. बाबांना आमेन म्हणालात. आणि मेंढरू जळेल म्हणून घरी गेलात.

सगळा हिवाळा मी त्या एका क्षणाची वाट पाहिली, विहीणबाई. आणि तो आला तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत होते. मीसुद्धा. माझ्या नावाच्या दिवशीसुद्धा तुम्हीच! मला तुमचा राग आला, असं लिहिते, कारण दुसरं जे वाटलं ते कसं लिहावं हे मला येत नाही.

आज लोभ मागत नाही.

असिमो


पेत्रोव्रीसी,
ता. २२ जून २०००

सौ. दोम्ना विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्राचं उत्तर आलं नाही. वांगेलिसला विचारते, तर तो मान हलवतो. तुम्ही त्याच्या बसपाशी येतसुद्धा नाही म्हणे.

तो आणखीही एक गोष्ट म्हणाला, आणि ती मला लागली आहे. म्हणाला की तुमच्या दोम्नाबाई अजून पोरीला बेबाच म्हणतात. नाव झालं, पाण्यात बुडवून झालं, नगरपालिकेच्या कागदावर मारियान्थीच्या हातानेच लिहून झालं, पण दिवसभर पोर तुमच्यापाशी आणि तुमच्या तोंडी ते नाव नाही. तुमचं बघून मारियान्थी बेबा म्हणते, मारियान्थीचं ऐकून स्ताथिस. काल फोनवर तो म्हणाला की आई, बेबाला दात आला. माझा मुलगा!

सुरुवातीला मी संतापले. बकऱ्या सोडून थेट तुमच्या दारात यावं आणि सगळ्या गल्लीसमोर विचारावं, असं वाटलं. मग पाऊल टाकलं नाही. नाव मला मिळालं, पण ते तुमच्या तोंडून वदवून कोण घेणार?

तुम्हाला एक सांगते. तुमच्या गावात कदाचित हे नसेल. आमच्याकडे बाई लग्न होऊन आली की तिचं नाव माहेरच्या दारात राहतं. नवऱ्याच्या नावावरून तिला हाक मारतात. आमचे हे लाम्ब्रोस, म्हणून मी लाम्ब्रेना. एकोणिसाव्या वर्षी आले, त्या दिवसापासून लाम्ब्रेना. सासूसुद्धा लाम्ब्रेना म्हणायची, दुकानदार, पाद्री, शेजारीण, सगळे. हे स्वतः मला, अगं ए, म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे, पण तेच. स्ताथिस आई म्हणतो. मला असिमो म्हणणारी शेवटची माझी बहीण होती, ती लग्न होऊन दूर गेली आणि तिकडेच वारली. त्याला खूप काळ झाला. पत्राखाली मी ते नाव लिहिते तेव्हा दुसऱ्या कुणाचं लिहिल्यासारखं वाटतं.

मला नाव कागदावर नको होतं. मला ते हवेत हवं होतं. पोरीला हाक मारायला रोज कुणीतरी ते म्हणेल, एवढंच. मी इथे वर आहे, मी म्हणून काय होणार? म्हणणाऱ्या तुम्ही आहात. तुमच्याचकडे सगळं आहे, हेही तुमच्याचकडे.

विनवणी करायची मला सवय नाही. जमेल तसं करा.

असिमो


नेआ मिर्सिना,
ता. ११ जुलै २०००

श्रीमती विहीणबाई यांस,
नमस्कार वि. वि.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुमचं पत्र उशीखाली ठेवून तीन आठवडे तशीच राहिले. आज लिहिते, कारण न लिहिताही शांत वाटलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी मेंढरू उलटलं, बटाटे उलटले, आणि नाणी वाटून रिकामी झालेली पर्स चुलीवर ठेवली. बाजूची कातडी जळाल्याचा वास आल्यावर कळलं. गल्लीतल्या बायका महिनाभर माझ्याशी अशा हळू आवाजात बोलत होत्या की मला एक शब्द ऐकू आला नाही. दया आली की माणसं हळू बोलतात. बहिऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

तुम्हाला वाटत असेल की पोलिक्सेनीने तुमच्या मधाकडे बघून ठरवलं. नाही. मारियान्थीने तिला सांगितलं होतं. माझ्या पोटच्या पोरीने. मला हे जूनमध्ये कळलं, मीच खोदून विचारलं तेव्हा. मी म्हटलं की तू आपल्या आजीचं नाव चालवतेस आणि माझं तोडतेस? तर ती म्हणाली की आई, तुझ्यापाशी मी आहे, स्ताथिस आहे, पोर आहे, रोजचा दिवस आहे. तिकडे वर त्यांच्यापाशी काय आहे? एवढं बोलून ती नगरपालिकेत कामाला गेली. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी भेंडी केली, तिला आवडते तशी.

म्हणून बेबा म्हणत होते. तुम्हाला छळायला नाही. तोंडात यायचंच नाही ते.

मग तुमचं पत्र. आमच्याकडे बाईला तिच्याच नावाने हाक मारतात. मला सासरच्यांनी, मासे विकणाऱ्याने, भांडताना शेजारणीने, सगळ्यांनी दोम्ना म्हणून ओरडलेलं आहे, आणि ऐकू येईनासं झालं तेव्हापासून तर आणखीच मोठ्याने. ते कुणी देतं, असं मला कधी वाटलं नव्हतं. मला वाटत होतं, आपण दोघी एकाच गोष्टीसाठी भांडतोय. मी माझ्या घरासाठी भांडत होते. तुम्ही कशासाठी, ते तुम्ही आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हे मात्र मी इथे लिहीत नाही.

आधी कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणून पाहिलं. कोंबड्यांना काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला म्हटलं. शेवटच्या ‘मो’ला माझे ओठ गोल होतात, ते बघून ती हसायला लागली. हसते म्हणून पुन्हा म्हटलं. आता मी म्हटलं की तीही ओठ गोल करते, आवाज निघत नाही नुसता. आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. सगळी गल्ली ऐकते. मासेवाला परवा विचारत होता की ही असिमो कोण, गल्लीत नवीन राहायला आली का.

जळफळाट गेला असं समजू नका. प्रत्येक वेळी म्हणताना आत कुठेतरी टोचतं. पण म्हणते.

ऑगस्टमध्ये मरियामातेच्या सणाला या. नंतर पोरीला वर्ष पूर्ण होतंय, तोवर राहा. माडीवरची खोली झाडून ठेवते.

लोभ म्हणा, टोचणी म्हणा, जे आहे ते तुमचंच.

दोम्ना


नेआ मिर्सिना,
ता. २८ ऑगस्ट २०००

असिमो विहीणबाई,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही काल गेलात आणि आज पोर तुमच्या खोलीचं दार ढकलत होती. हे लिहायला मला किती जड जातंय ते समजून घ्या.

एक विचारायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा समोर विचारणार होते, पण तुम्ही हळू उत्तर दिलं असतं आणि मला कळलं नसतं.

वाढदिवसाच्या दुपारी मी स्वयंपाकघरात अंजिरं सोलत होते. तुम्ही तुतीखाली शेंगा निवडत बसला होतात, पोर तुमच्यापासून दूर, कोंबड्यांच्या जाळीपाशी. मी खिडकीतून हाक मारली, असिमो, ये, अंजीर खायला ये. पोरीने मान वळवली नाही. तिच्या हाती कोंबडीचं पीस होतं. पण तुम्ही उठलात. मांडीवरच्या शेंगा सगळ्या जमिनीवर. आणि तुम्ही काहीतरी म्हणालात, मला फक्त ओठ दिसले. आले गं, असं काहीसं. आणि तुम्ही चालायला लागलात, झपझप, लहान मुलगी चालते तसं. खिडकीपाशी येऊन मला बघितलंत आणि थांबलात. तुमचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. मग म्हणालात की पाणी हवं होतं.

प्रोद्रोमोस हसणार होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

पाणी दिलं. अंजीरही दिलं, तुम्ही खाल्लंत. शेंगा मी उचलल्या. तुम्हाला कोण हाक मारतंय असं वाटलं, एवढंच मला विचारायचं होतं. सांगायचं नसेल तर सांगू नका.

माझा लोभ थोडा जुना, थोडा नवा. दोन्ही घ्यावेत.

दोम्ना


पेत्रोव्रीसी,
ता. ५ सप्टेंबर २०००

दोम्ना,

सगळ्यात आधी, ती शेंगांची गोष्ट गल्लीत कुणाला सांगू नका. सांगितली असेल तर तुमच्या मेंढराविषयी मी काय बोलते ते बघा.

कोण वाटलं, विचारता. कुणी नाही वाटलं. विचार करायला वेळच मिळाला नाही. माझ्या नावाने कुणीतरी खायला बोलावत होतं, एवढंच कळलं. आणि पाय निघाले. मध्ये किती वर्षं होती ती पायांना आठवली नाहीत. खिडकीत तुम्ही दिसलात, हातात चाकू, तोंडाला अंजिराचा चीक, आणि मला इतकं वाईट वाटलं की ती हाक माझी नाही. त्या वर्षाच्या पोरीचा मला हेवा वाटला. तिला रोज आहे, सकाळ-संध्याकाळ आहे, आणि ती वळूनही बघत नाही!

मारियान्थीने जे केलं ते दयेने केलं, हे तुमच्या पत्रावरून कळलं होतं. त्यावर विचार केला. दयेचं असेल तर परत करावं, असं एक दिवस वाटलं. मग म्हटलं, राहू दे. मिळालंय ते घेते.

तुमच्या गावाचं नाव आमच्या झऱ्यावर आहे आणि माझं नाव तुमच्या गल्लीत आहे. मी दिवसभर हे मनात धरून बकऱ्यांमागे फिरते आणि मला ते पुरत नाही. तुमच्याचकडे पोर, तुमच्याचकडे आवाज. अजून जळते मी तुमच्यावर. हे तुम्हाला कळलेलं बरं.

द्राक्षं उतरवून झाली की येते, येत्या शुक्रवारच्या बसने. माडीवरची खोली नको, अंगणाकडची द्या, कॉट लहान असली तरी चालेल. तिथून स्वयंपाकघराची खिडकी जवळ आहे.

पोरीला हाक मारायची तेव्हा नेहमीसारखीच मोठ्याने मारा. माझ्याकडे बघू मात्र नका.

असिमो